शिवेपाशी राहिलेली

“आधी तिले, मंग तुले. आन शीव आली का तिले सांगत जाय, ‘चाल बाई’ म्हणून. नाई सांगतलं त थे थतंच उभी राह्यते.”

माझ्या सासूबाईंनी, तानाबाईंनी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातांची हळद उतरली नव्हती. बोलता बोलता त्या माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधत होत्या. सुपारीएवढा टाक, त्यावर ठोकून काढलेली बाई, दोन डोळे, नाक आणि डोक्यावर पदर. ती पंचफुला, ह्यांची पहिली बायको. महागावकडे माहेरी बाळंतपणाला गेली आणि तिथंच वारली. बाळही राहिलं नाही. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला अशी गळ्यात वागवायची, हा आमच्याकडचा रिवाज. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही.

सासूबाई सांगत, पंचफुलाचा तेरावा झाला तरी घरात देवापाशी दिवा टिकेना. वारा नसताना विझायचा. तेव्हा त्यांनी बंडी जुंपायला लावली, महागावच्या शिवेवर गेल्या आणि हाक मारली, “चाल बाई, घरी चाल.” येताना बंडीत मागं एका माणसाची जागा मोकळी ठेवली. वाटेतल्या एकेका नाल्यावर, एकेका गावाच्या शिवेवर बैल थांबवून तेच सांगितलं. कळंबजवळच्या आमच्या घरी पोचल्यावर उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या रात्री दिवा टिकला.

मी तिला सवत म्हटलं नाही. बाई म्हणायची. जेवताना पहिला घास तिचा. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. वावरात कापूस वेचताना, नदीवर धुणं धुताना मी तिच्याशी बोलायची. माझा आवाज मुळात हळू, घरात दोनदा सांगावं तेव्हा एकदा ऐकू जातं. बाईला मात्र एकदाच पुरायचं. कधी कधी, कोणी बाळंतीण नसताना, घरात बाळंतशोपांचा वास यायचा, भाजलेल्या, गरम. मग मी हातातलं काम थांबवून म्हणायची, “बसा बाई.” भीती अशी वाटली नाही. गळ्यातला टाक हिवाळ्यातही ऊनच असायचा.

सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. “तिले कुठं एकटं टाकशीन नाई न?”

“नाई टाकत,” मी म्हटलं. तो माझा शब्द.

माझं दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. पहिल्यांदा बायका म्हणाल्या, होते असं. दुसऱ्यांदा माझ्या तोंडावर कोणी काही म्हणालं नाही, पण नदीवर मी गेले की त्यांची नजर माझ्या गळ्याकडे जायची. ह्यांच्या कानावरही ते गेलंच असणार. ह्यांचं नाव पुंडलिकराव. माणूस कष्टाळू, अबोल. पंचफुलाचं नाव मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं.

चौसष्ट सालच्या शिवरात्रीला यवतमाळच्या वामनरावांची मोटर नेपाळात पशुपतिनाथाला जाणार, असं कळलं. वामनरावांनी जुनी बस घेऊन मागची बाकं उपटली होती, दोन्ही अंगांना रुंद फळ्या ठोकल्या होत्या, मधे शिध्याची कोठी केली होती, टपावर पाण्याची पिंपं आणि ताडपत्री. दिवसा फळ्यांवर बसायचं, रात्री बायकांनी त्यावरच निजायचं, पुरुषांनी खाली ताडपत्रीत. मागच्या दाराशी स्टोव्ह. लोक तिला घरमोटर म्हणत.

हे तीन जागा सांगून आले.

“तिसरं कोण?” मी विचारलं.

ह्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. “तिले मोटरीत बसाचं होतं. म्या म्हटलं होतं नेईन म्हणून.” मग बराच वेळ सुपारी कातरत बसले. “पशुपतीले नेऊ. बागमतीत सोडू तिले. दुसरा देश हाय, तिथून काई वापस येनं नाई. थेही सुटन, आन तूही.” बोलता बोलता त्यांची नजर आढ्याकडे गेली. तिथं पाळण्याची कडी होती.

“मी सासूबाईले शब्द देल्ला हाय जी.”

“मायचं मी पाहीन,” हे म्हणाले.

 मी कळंबच्या चिंतामणीला जाऊन डोकं टेकवून आले. एक गोष्ट मी ह्यांनाही सांगितली नव्हती: माझी पाळी चुकून महिना उलटला होता. दोनदा सांगून दोनदा हसं झालं होतं. या खेपेला ओठ मिटले होते. फक्त बाईला सांगितलं.

मोटर निघताना वामनराव दरवेळी एकच ओरडायचे, “बसले का सगळे? राह्यला थो राह्यला!” आणि लोक हसायचे. मी मात्र मोटरीला पहिला धक्का बसायच्या आधी पदराआड टाकावर बोट ठेवून म्हणायची, “चाला बाई.” वर्धा नदी आली, म्हटलं. नर्मदा आली, म्हटलं. प्रत्येक गावाची शीव काही मोटरीतून कळत नाही; पण देवळाचा कळस मागं पडला, नाला ओलांडला की मी म्हणायचीच. माझे रोजचे नेम मी मोटरीतही सोडले नव्हते. पहाटे रस्त्याकडेच्या विहिरीवर थंड पाण्यानं अंघोळ, डबीतला चिंतामणी, दिवा, मग तोंडात पाणी.

शेजारच्या फळीवर रामीबाई होत्या. घाटंजीकडच्या, विधवा, जिभेला हाड नसलेल्या, मनानं मोकळ्या.

“काय वं सत्यभामा, तुह्ये उपास मोजता मोजता महादेव थकला असन,” त्या म्हणायच्या. “आन हे एवढी जागा कोणासाठी सोडतं वं? पुंडलिकभाऊ त खाली झोपते!”

बायका खिदळल्या. मी म्हटलं, “तिसऱ्या सवारीची जागा हाय ते.” सगळ्यांनी तो विनोदच समजला.

पण जबलपूर सोडल्यावर एका सकाळी रामीबाई उठून वळकट्या हुंगत बसल्या. “कोणाच्या गाठोड्यात बाळंतशोपा हाय वं? रातभर वास. इथं कोण बाळंतीण हाय, सांगा न मले!” कोणाकडेच नव्हत्या. मी सोडलेल्या जागेवर हात ठेवला. गोधडी गरम होती.

काशीला घाटावर मी बाईला म्हटलं, “हे राहू द्या बाई. हे एवढं राहू द्या.” तिनं काय ऐकलं ते तिला ठाऊक. पण त्या दिवशी पानावर काढलेला पहिला घास चिमणीनं माझ्या हातासमोरून उचलून नेला.

मोकाम्याचा लांबच लांब पूल ओलांडून, मुजफ्फरपूर, मोतीहारी करत आम्ही रक्सौलला पोचलो. तिथं आपला देश संपतो. एक लहानसा पूल, पुलाअलीकडे चौकी, चौकीजवळ एक मोठं शिसवीचं झाड. शिवरात्रीची गर्दी एवढी, की माणसांनी उतरून पायी पूल ओलांडायचा आणि मोटर मागून येणार, असं ठरलं. झाडाखाली चहावाला होता. त्यानं वामनरावांना सांगितलं, की पलीकडचे लोक अंगावरचं सोनं-चांदी उतरवून घेतात, परत देत नाहीत. एवढं ऐकायची खोटी, बायकांचे हात गळ्यांवर गेले.

रामीबाईंनी मोटरीतून कणकेचा डबा काढला. “मंगळसूत्र ठेवा, बाकी सारं इकडं आना. कणकेत कोणाचा बाप पाहात नाई.”

पाटल्या गेल्या, वाळे गेले. माझ्यापाशी येऊन त्यांनी टाकाचा दोरा धरला.

“हे नको, रामीबाई.”

“काहून नको? चांदी नाई का हे? तिकडं हिसकला त आयुष्यभर रडत बसशीन.” त्यांच्या हातात कात्री होतीच. काळा दोरा कटकन तुटला. इतक्या वर्षांत तो टाक माझ्या अंगावरून पहिल्यांदा उतरला. मी काही म्हणेपर्यंत तो कणकेत बुडाला होता, डबा कोठीत गेला होता आणि मागून माणसांचा लोंढा आम्हाला पुलाकडे ढकलत होता.

पुलाच्या मधोमध माझं बोट सवयीनं गळ्याकडे गेलं. तिथं नुसती कातडी. ‘चाला बाई’ हे शब्द ओठांशी आले आणि तिथंच राहिले. कोणाला म्हणू? टाक मागं मोटरीत, मोटर चौकीपाशी, मी पुलावर. मी वळून पाहिलं. शिसवीच्या झाडाखाली माणसं नुसती वाहत होती. पण एका ठिकाणी ती दोन्ही बाजूंनी वळून जात होती, नदीतल्या धोंड्याला पाणी वळसा घालतं तशी. तिथं काहीच दिसत नव्हतं. मी थांबले, तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं. “चाल, चाल. इथं हरपली त सापडनार नाई.”

पलीकडच्या शिपायानं कोणाच्या गळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात जोडून “जय पशुपतिनाथ” म्हणाला आणि वाट दाखवली.

संध्याकाळी डबा उघडला. टाक पांढरा होऊन निघाला. मी तो धुतला, नव्या दोऱ्यात ओवला, गळ्यात बांधला. थंडगार. म्हटलं, पाण्याचा गारवा आहे, अंगाच्या उबेनं जाईल. गेला नाही. डोंगरांत मोटर चढत होती, हवा कापत होती, पुढं ढगांच्या वर पांढरी शिखरं उभी राहिली आणि सगळे हात जोडून “हर हर महादेव” म्हणाले. मी छातीवर तो बर्फाचा तुकडा घेऊन बसले होते. फळीवर मी जागा सोडली, सकाळी गोधडी गार. पहिला घास पानावर काढला, तो दगडासारखा वाळला. मुंगी आली नाही, कावळा नाही, धर्मशाळेच्या दारातलं कुत्रं त्याला हुंगून बाजूला झालं.

“आता शोपाचा वास नाई बॉ,” रामीबाई म्हणाल्या. “कोणी फेकून देल्ल्या वाटते.”

मग मला कळलं. सासूबाईंनी सांगितलेलं तेच घडलं होतं. शीव आली आणि तिला सांगितलं गेलं नाही. बाई त्या झाडाखाली उभी होती.

शिवरात्रीला बागमतीचा काठ माणसांनी पांढरा-भगवा झाला होता. हे धोतर खोचून पाण्यात उतरले. मी गळ्यातला टाक काढून त्यांच्या ओंजळीत दिला. त्यांनी त्यावर बेलाचं पान ठेवलं, डोळे मिटले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हाक मारली, “पंचफुला!” आवाज फाटला. माझा जीव तुटला. म्हणावंसं वाटलं, अहो, ती यात नाही, तुम्ही रिकाम्या चांदीला हाक मारताय. पण पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? टाक खाली गेला. ह्यांनी तोंडावर पाणी मारलं. “झालं,” म्हणाले. “सुटली.”

दुसऱ्या दिवशी पारणं. वामनरावांनी दाराशी पिठलं-भात केला होता. माझ्या हातानं नेहमीसारखा पहिला घास पानावर काढला. ह्यांनी पाहिलं. हात पुढं केला, तो घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. चावत चावत माझ्याकडे पाहात राहिले.

“आता कोणी नाई,” ते म्हणाले. “आता तू खाय.”

पिठल्याच्या फोडणीचा वास नाकात गेला आणि मला उमळून आलं. मी मोटरीमागं पळाले. रामीबाई पाठोपाठ आल्या, पाठीवरून हात फिरवला, माझं तोंड वर करून न्याहाळलं आणि हसल्या. “दिवस गेले न वं? आन सांगत नाई! पुंडलिकभाऊ, इकडं या जी, पेढे वाटा!”

ह्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. देवळाच्या दिशेनं हात जोडले. “पाह्य,” मला म्हणाले, “तिले सोडलं आन लगेच लागलं. तिनंच अडोलं होतं.”

मला हे ऐकवेना. पण मीही घाबरलेच होते. बाळंतपणात गेलेल्या बाईला पोटुशीच्या जवळ येऊ देऊ नये, हे सगळेच सांगतात. माझ्या आईनंही सांगितलं असतं. ती पलीकडे आपोआप सुटली असेल, तर सुटू द्यावं. मी काही केलं नाही, तोडलं नाही. परतीच्या वाटेवर घाट उतरताना मी मनाला हेच घोकायला लावलं. फळीवर आता मी हातपाय पसरून निजत होते. पण झोप लागली की ते झाड दिसे. खाली ती उभी, डोक्यावर पदर, कुठं जावं हे न कळलेली. तिथली बोली तिची नाही, वाट ओळखीची नाही. कळंब कुठं आणि महागाव कुठं, हे तिला कोण सांगणार? पुन्हा मोटर येईल म्हणून ती रस्त्याकडे पाहात असेल. आणि कानात सासूबाई: एकटं टाकशीन नाई न?

परतताना सरहद्दीवर उतरावं लागलं नाही. गर्दी ओसरली होती. मोटर पूल ओलांडून तशीच पुढं गेली. मी खिडकीला चेहरा लावून बसले होते. झाड आलं. चहावाला आपल्या जागी. मोटर त्याच्या समोरून निघाली आणि एक क्षण, फक्त एक क्षण, खिडकीतून भाजलेल्या शोपांचा वास आत आला आणि मागं पडला.

रामीबाईंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. 

बाजाराच्या तोंडाशी वामनरावांनी मोटर थांबवली. “डिझल भरतो, च्या घ्या, आन बसा पटापट. राह्यला थो राह्यला!” उन्हं तिरपी झाली होती. पुरुष उतरले, हे मात्र दाराजवळच्या फळीवर पाय लांबवून बसून राहिले. मी डब्यातली भाकरी काढली, एक घास मोडून पदराच्या टोकात बांधला. मग माझी वळकटी गुंडाळून एका कडेला सारली. फळीवर एका माणसाची जागा झाली.

हे पाहात होते.

“कुठं चाल्ली?”

“त्या झाडापाशी जाऊन येते.”

त्यांना कळलं. चेहरा उतरला. “अवं, सोडलं न तिले! मह्या हातानं सोडलं.”

“टाक सोडला जी. बाई इथंच राह्यली. जाताना शिवेवर तिले कोणी सांगतलं नाई. टाक कणकेत होता.”

“आन पोटातलं?” त्यांचा आवाज एकदम खाली आला, माझ्यासारखा. “दोन गेले सत्यभामा. आता हेही...”

माझं नावही ते क्वचितच घ्यायचे.

“हे पशुपतीच्या आधीचं हाय,” मी म्हटलं. “घरून निघाच्याही आधीचं. बाई रोज मह्या गळ्यात होती तवाचं. जबलपूरले होती, काशीले होती, मह्याच जवळ झोपत होती. तिले अडवाचं असतं त तवाच अडोलं असतं.” मला दम लागला, एवढं एका दमात मी कधी बोलत नाही. “सगळ्यात आधी तिलेच सांगतलं होतं म्या.”

“मले नाई सांगतलं.”

“तिले सांगाचं सोपं हाय.”

ते खाली मान घालून बसले. बाहेर कोणीतरी भज्यांचा भाव विचारत होतं. मग त्यांनी मागं वळून फळीवरची ती मोकळी जागा पाहिली.  दारात आडवे पसरलेले पाय तेवढे त्यांनी जवळ ओढून घेतले.

मी उतरले. मागून वामनरावांचा आवाज आला, “ओ सत्यभामाबाई, मोटर सुटते! सगळे बसून राह्यले!” आणि त्यावर ह्यांचा, खणखणीत, “थांबवा जी. आमची एक सवारी यायची हाय.”

मी पदर डोक्यावरून पुढं ओढला, त्याच्या टोकातली गाठ मुठीत धरली आणि पुलाकडच्या रस्त्याला लागले.